वाचक विचारतात : शेतातली डुकरं, बंदूक आणि वहाळातले मासे

प्रश्न : आमची दोन एकर भातशेती आहे, थोडा नाचणा पण करतो. पीक कापणीला आलं की रानडुकरं एका रात्रीत सगळं लोळवून जातात. आजोबांची शेतसंरक्षणाची ठासणीची बंदूक होती, तिचा परवाना आता बाबांच्या नावावर आहे. स्वतःच्याच शेतात शिरलेला डुक्कर मारला तर चालतो ना? गावात सगळे चालतो म्हणतात. (लांजा)

उत्तर : नाही चालत दादा. तो परवाना बंदूक बाळगायचा आहे, शिकारीचा नाही, आणि नेमकी इथेच आपल्याकडची भली माणसं अडकतात. रानडुक्कर 1972 च्या वन्यजीव कायद्यात येतो, जमीन तुमची असली तरी जनावर तुमचं होत नाही. विनापरवानगी मारलात तर 3 वर्षांपर्यंत कैद किंवा 1 लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, बंदूक जप्त होते ती वेगळीच.

पण रस्ता आहे. याच कायद्याच्या कलम 11 मध्ये उभ्या पिकाचा उल्लेख आहे, म्हणजे पिकाची नासधूस करणाऱ्या डुकराला मारायची परवानगी मिळू शकते, फक्त ती लेखी हवी आणि आधी हवी. अर्ज तुमच्या वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याच्या ऑफिसात द्या आणि पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नका. परवानगीने मारलेला डुक्कर पण सरकारजमाच होतो, मटणाचे वाटे घालायचे नाहीत. अचानक अंगावर आला आणि जीव वाचवताना मेला तर तो गुन्हा नाही, पण लगेच वनखात्याला कळवायचं, परस्पर पुरून टाकायचं नाही.

नुकसानभरपाईचा अर्ज मात्र सोडू नका. सकाळी गेलात की आधी फोटो काढा, लोळवलेलं भात, उकरलेला बांध, चिखलातले खुरांचे ठसे, आणि पंचनामा होईपर्यंत शेत आवरू नका. सातबारा, आधार, पासबुकाची झेरॉक्स सोबत ठेवा आणि दोन-तीन दिवसांच्या आतच अर्ज द्या. पैसे कमी मिळतात, उशिरा मिळतात, मान्य आहे, आणि शेतकऱ्याचा राग पण खराच आहे, पण अर्जच नसेल तर तुमच्या गावात डुकरांचा त्रास आहे हे सरकारी कागदावर येणार कुठून?

प्रश्न : मग फासकी लावली किंवा स्फोटकाचे गावठी गोळे टाकले तर? बंदूक तर नाही ना वापरत. (कुडाळ)

उत्तर : कायद्याच्या भाषेत फास लावणं, विष घालणं, आमिष ठेवणं ही सगळी शिकारच. डुकरासाठी लावलेल्या फासकीत बिबट्या अडकला तर तो अनुसूची 1 मधला, म्हणजे कायद्यात सगळ्यात कडक संरक्षण असलेल्या यादीतला, तिथे शिक्षाच मुळी 3 वर्षांपासून सुरू होते आणि 7 पर्यंत जाते. गावठी गोळ्यांचं तर बोलूच नका. आमच्या वाडीतल्या एका पाडीने चरता चरता असा गोळा चावला होता, खालचा जबडा पूर्ण गेला, दोन दिवस ती पाण्याच्या घमेल्यापाशी नुसती उभी होती, पाणी दिसत होतं पण पिता येत नव्हतं. मला ते अजून विसरता येत नाही. आणि मेन लाइनवरून तारेत करंट सोडणं म्हणजे उद्या शेजारचं पोर चिकटलं तर थेट मनुष्यवधाची केस. कुंपण घालायचंच तर सोलरचं झटका मशीन बसवा, वनखात्याच्या जन-वन विकास योजनेतून त्याला अनुदान मिळतं, तुमचं गाव त्यात बसतं का ते वनरक्षकाला विचारा.

प्रश्न : वहाळ, म्हणजे ओढा, आमच्या जमिनीतून जातो. जूनमध्ये चढणीचे मासे (पहिल्या पुरात अंडी घालायला उलट्या प्रवाहाने वर चढणारे) येतात ते आम्ही धरतो, पण वरच्या अंगाचे लोक पाण्यात ब्लिचिंग पावडर टाकतात. वहाळ आमचा असताना आम्ही काय करू शकतो? (संगमेश्वर)

उत्तर : वहाळ सहसा तुमचा नसतो ताई, महसूल कायद्याच्या कलम 20 प्रमाणे नद्या-ओढे सरकारचे, म्हणून मासे पण एकट्या कुणाचे नाहीत. पाण्यात विष किंवा सुरुंग वापरून मासे मारणं 1897 च्या मासेमारी कायद्यापासून गुन्हा आहे. मेलेल्या माशांचे आणि पावडरच्या रिकाम्या पुड्यांचे फोटो घेऊन पोलीस पाटलांना सांगा, मत्स्यव्यवसाय खात्याच्या जिल्हा ऑफिसात लेखी तक्रार द्या. ते पाणी गुरांना चार दिवस पाजू नका.

एक विनंती तुम्हाला पण. चढणीचा मासा पोटात गाभोळी, म्हणजे अंडी, घेऊन वर येतो, पहिल्या पुराला सगळे काढले तर पुढच्या वर्षी येणार कुठून? एक दिवस पाग (फेकायचं जाळं) टाका, हवे तेवढे घ्या, पण वहाळ आडवा बांधून पूर्ण वाट बंद करू नका. आणि जाळ्यात कासव आलं तर तसंच पाण्यात सोडा.