रात्री अकराचा व्हिडिओ कॉल

प्रेमाच्या नात्यातली पाळत, धमक्या आणि छळ यांविषयी सल्ला मागणाऱ्या, गेल्या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी चार येथे घेतली आहेत. कोणाची ओळख पटू नये म्हणून किरकोळ तपशील बदलले आहेत.

प्रश्न : मी मूळची गडहिंग्लजची, वय २०. शिक्षणासाठी कोल्हापुरात वसतिगृहावर राहते. माझ्या मित्राने मला लाइव्ह लोकेशन कायम सुरू ठेवायला सांगितले आहे. रात्री अकराला तो व्हिडिओ कॉल करतो आणि खोलीत कोण कोण आहे ते कॅमेरा फिरवून दाखवायला लावतो. मैत्रिणी म्हणतात, इतकी काळजी करणारा मिळाला, नशीबवान आहेस. मला मात्र अकरा वाजत आले की पोटात गोळा येतो.

उत्तर : तुमच्या प्रश्नाचे उत्तर तुमच्या शेवटच्या वाक्यात आहे. काळजी आणि पाळत बाहेरून सारखीच दिसतात. त्यांतला फरक एकदा 'नाही' म्हणून पाहिल्यावरच कळतो. 'आज डोकं दुखतंय, कॉल नको' असे सांगितल्यावर समोरून 'बरं, झोप' असे उत्तर आले, तर ती काळजी. त्यावर शिवीगाळ, मग दोन दिवसांचा अबोला, मग माफीचे लांबलचक मेसेज आणि संध्याकाळी रंकाळ्यावर भेळ, असा फेरा सुरू झाला, तर ती पाळत. माणूस अडकतो तो यातल्या गोड दिवसांमुळेच, कारण प्रेम कधी मिळेल आणि शिक्षा कधी, याचा नेम नसला की मन त्या प्रेमाची वाट पाहण्यातच अधिक गुंतत जाते.

पोटातला गोळा हा तुमचा हळवेपणा नव्हे. शरीर पहाऱ्यावर उभे राहिल्याची ती खूण आहे. रोज असा पहारा दिला की झोप तुटते, वाचलेले डोक्यात राहत नाही आणि फोन वाजला नसतानाही वाजल्याचा भास होतो. माझ्याकडे सल्ल्यासाठी मुली बहुधा 'अभ्यासात लक्ष लागत नाही' एवढीच तक्रार घेऊन येतात. मित्राचा उल्लेख दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत होतो.

लोकेशन बंद करा. पण त्याने पूर्वी कधी हात उगारला असेल, तर आधी रेक्टर किंवा एखाद्या भरवशाच्या मैत्रिणीला सांगून ठेवा आणि मगच बंद करा. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये 'लिंक्ड डिव्हाइसेस' उघडून अनोळखी संगणक जोडलेला दिसतो का पाहा, आणि पासवर्ड बदलायचे ते त्याच्या हातात कधीही न गेलेल्या फोनवरून.

प्रश्न : नाते तोडून तीन महिने झाले. त्याच्याकडे माझे काही खासगी फोटो आहेत आणि ते मीच पाठवले होते. 'पुन्हा बोलायला लाग, नाहीतर तुमच्या भावकीच्या ग्रुपवर टाकतो,' असे तो म्हणतो. मीच पाठवले असताना तक्रार कोणत्या तोंडाने करू? (वय २२, कोल्हापूर)

उत्तर : फोटो पाठवताना तुम्ही तो एका माणसाला पाहू दिला होता, जगाला दाखवण्याची मुभा दिली नव्हती. कायदाही हाच भेद करतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ च्या स्पष्टीकरणात म्हटले आहे की, चित्रणाला संमती असली तरी ते तिसऱ्या व्यक्तीकडे पसरवण्याला संमती नसेल, तर पसरवणे हा गुन्हा ठरतो. माहिती तंत्रज्ञान कायद्याची ६६ई आणि ६७ए ही कलमेही अशा प्रकरणांत लागतात. फोटो ग्रुपवर पडेपर्यंत थांबण्याचेही कारण नाही, कारण नुसती धमकी देणे हाच न्याय संहितेच्या कलम ३५१ खाली गुन्हा आहे.

घाबरून चॅट पुसून टाकू नका. बहुतेक मुली नेमकी हीच चूक करतात. नंबर, तारीख आणि वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट काढा, मूळ संदेश फोनवर तसेच राहू द्या. त्याला पैसे देऊ नका आणि 'शेवटचा एक' म्हणून नवा फोटो तर मुळीच पाठवू नका. तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर किंवा थेट पोलीस ठाण्यात करता येते. हद्दीचे कारण सांगून कोणी परत पाठवू लागल्यास 'शून्य एफआयआर', म्हणजे हद्द कोणतीही असली तरी घ्यावी लागणारी तक्रार, नोंदवण्याची मागणी करा. (सगळीकडे ऐकू येणारा १९३० हा क्रमांक मुख्यतः पैशांच्या फसवणुकीसाठी आहे.) 'स्टॉप एनसीआयआय' या मोफत सेवेत फोटो तुमच्याच फोनवर राहतो, त्याचा केवळ अंकी ठसा फेसबुक, इन्स्टाग्रामसारख्या कंपन्यांकडे जातो आणि त्यावरून त्या तो फोटो अडवू शकतात. व्हॉट्सअ‍ॅपच्या खासगी ग्रुपपर्यंत मात्र हा उपाय पोहोचत नाही.

तेथे माणूसच लागतो. अशाच प्रसंगातल्या एका मुलीने माझ्या टेबलावर फोन पालथा ठेवला होता. तो थरथरला की तिचे बोलणे वाक्याच्या मध्येच थांबे, आणि पुन्हा सुरू होताना ती आधीचे वाक्य विसरलेली असे. फोटो कोठेही पडलेला नव्हता. नुकसान मात्र सुरू झालेले होते. तिने शेवटी थोरल्या आत्याला सांगितले. आत्या आधी रागावली, मग पदर खोचून पोलीस ठाण्यात सोबत गेली. वडिलांना पहिल्यांदा सांगा, असा आग्रह मी धरत नाही. भावकीत वजन असलेले एकच माणूस आधीपासून तुमच्या बाजूला असले, तरी त्या धमकीची निम्मी धार जाते.

प्रश्न : मी गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी करतो, वय २४. मैत्रीण माझ्या नावाने बनावट खाते काढून सहकारी मुलींना घाण मेसेज पाठवते. वेगळे होऊ म्हटले की जिवाचे बरेवाईट करून घेईन म्हणते. मित्रांना सांगितले तर ते हसतात.

उत्तर : मित्र हसले म्हणून त्रास खोटा ठरत नाही. न्याय संहितेतले पाठलागाचे कलम ७८ केवळ स्त्रियांना संरक्षण देते, त्यामुळे ते तुम्हाला लागू होणार नाही; मात्र ओळख चोरणे आणि बनावट ओळखीने फसवणे यांविषयीच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६सी व ६६डी या कलमांत स्त्री-पुरुष असा भेद नाही.

जीव देण्याची भाषा नाटक समजून सोडू नका. त्याच क्षणी तिच्या घरच्यांना कळवा, धोका तातडीचा वाटल्यास ११२ वर फोन करा, आणि तिला १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा क्रमांक द्या; तेथे दिवसरात्र मोफत आणि मराठीतही बोलता येते. एवढे केल्यावर नात्यात परत जाणे हा तिच्यावरचा उपचार नव्हे. तो क्रमांक तुमच्यासाठीही आहे.

प्रश्न : आमची मुलगी १९ वर्षांची आहे. महिनाभर धड जेवत नाही, रात्री चादरीत फोन घेऊन रडते. कोणी मुलगा त्रास देत असावा. फोन काढून घ्यावा आणि कॉलेज बंद करावे, असे मला वाटते. (एक वडील, कागल)

उत्तर : यांतले काहीही करू नका. 'घरी कळलं तर तुझं कॉलेज बंद होईल' ही भीती तो मुलगा तिला बहुधा रोज घालत असेल. तुम्ही कॉलेज बंद केलेत की त्याचे बोलणे तुम्हीच खरे केलेत. फोन हिसकावला तर पुरावाही जातो आणि मैत्रिणींचा आधारही. आधी एवढेच सांगा की काहीही झाले असले तरी शिक्षण थांबणार नाही, आणि मग गप्प बसा. ती कदाचित त्या दिवशी बोलणार नाही.

न जेवणे, न झोपणे आणि उदासी दोन आठवड्यांपेक्षा अधिक टिकली तर डॉक्टरांना दाखवावे, आणि येथे तर महिना झाला आहे. मरणाची भाषा तोंडात आली, तर त्याच दिवशी न्यावे. कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात दाखवता येईल. ती सज्ञान आहे, आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. त्यामुळे आत काय बोलणे झाले ते डॉक्टर तुम्हाला सगळे सांगणार नाहीत. तुम्ही सोबत या, बाहेरच्या बाकावर बसा आणि कागलला परतताना गाडीत तिला काही विचारू नका.