बॉनेट उघडून: आर३६ची पुडी

या महिन्यातल्या निम्म्याहून अधिक पत्रांत एकच गाडी आहे, निस्सानची वेगवान स्पोर्ट्स कार जीटी-आर. ऑगस्ट २०२५ मध्ये जपानमधल्या तोचिगीच्या कारखान्यातून शेवटची आर३५, म्हणजे जीटी-आरची आतापर्यंतची शेवटची पिढी, बाहेर पडली. अठरा वर्षांत साधारण ४८ हजार गाड्या झाल्या आणि दुकान बंद. तेव्हापासून पुढच्या पिढीच्या बातम्यांना ऊत आलाय. क्लच आणि टायरवाल्यांनी पुढच्या अंकापर्यंत कळ काढावी.

प्रश्न : पुढची जीटी-आर, म्हणजे आर३६, २०२७ मध्ये येणार असं तीन वेगवेगळ्या ठिकाणी वाचलं. तिन्हीकडे एकच साल असेल तर बातमी पक्कीच समजायची ना? (अधीर)

उत्तर : वाचलंत तीनदा, पण बातमी एकच आहे. पहिल्याने पुडी सोडली. दुसऱ्याने ती उचलली आणि लिहिताना 'कदाचित' गाळलं. तिसऱ्याने पहिल्या दोघांचा हवाला देऊन 'विश्वसनीय सूत्रांकडून' असं लिहून टाकलं. ध चा मा व्हायला हल्ली कारस्थान लागत नाही, घाई पुरते.

माझ्याकडे २००८ पासूनची एक दोनशेपानी वही आहे. डाव्या पानावर जीटी-आरबद्दलची अफवा तारखेसकट लिहायची आणि पुढे काय झालं ते उजव्या पानावर. डावी पानं गच्च भरलीत. उजव्या बाजूला इतकी कोरी जागा आहे की मध्यंतरी घरातल्या कोणीतरी तिथे वाणसामानाची यादी केली.

कंपनीचे प्रमुख इव्हान एस्पिनोसा यांनी शेवटच्या गाडीच्या वेळी जे सांगितलं त्याचा मथितार्थ असा : हा कायमचा निरोप नाही, जीटी-आर हे नाव एक दिवस परत यावं असं आमचं ध्येय आहे, पण नेमकी योजना अजून ठरलेली नाही, धीर धरा. यात २०२७ कुठे आहे? मला तरी दिसलं नाही.

आता थोडा इतिहास, कारण या गाडीला गायब होण्याची जुनी सवय आहे. तेव्हा जीटी-आर ही निस्सानच्या स्कायलाइन या गाडीचीच जोरकस आवृत्ती होती. पहिली स्कायलाइन जीटी-आर १९६९ ची. दुसरी १९७३ मध्ये आली, जेमतेम १९७ गाड्या झाल्या आणि धुराचे नियम कडक होताच थांबली. त्यानंतर थेट १९८९ मध्ये आर३२. म्हणजे सोळा वर्षं नावच नाही! पुढे आर३३, मग आर३४, आणि २००२ मध्ये पुन्हा धुराचे नवे नियम. त्या वर्षी जपानमध्ये एकटी जीटी-आर गेली नाही. सुप्रा, आरएक्स-७, सिल्व्हिया सगळ्यांनाच त्या नियमांनी घरी बसवलं. आर३५ ऑक्टोबर २००७ मध्ये टोकियोच्या प्रदर्शनात आली. ती गेली तीही अशीच, एकेका बाजारातून : धडकेच्या नियमांमुळे ऑस्ट्रेलियातून, आवाजाच्या नियमांमुळे युरोपातून, आणि अखेर सुट्या भागांची तंगी झाली तेव्हा घरातूनही. गिऱ्हाईक नाही म्हणून ही गाडी बंद झाली असं मला तरी आठवत नाही.

मग परत कधी? दोन मापं लावून बघतो. आर३५ चा पहिला कॉन्सेप्ट, म्हणजे प्रदर्शनापुरती केलेली नमुना गाडी, २००१ चा, गाडी २००७ ची, अंतर सहा वर्षं. २०२३ च्या टोकियो प्रदर्शनातली 'हायपर फोर्स' हा नवा कॉन्सेप्ट धरला तर उत्तर येतं २०२९. दुसरं माप खिशाचं. १९९९ मध्ये निस्सान गळ्याशी आली होती, फ्रान्सच्या रेनो कंपनीने हात दिला. सावरताना आधी २००२ मध्ये त्या मानाने स्वस्त असलेली ३५० झेड आली आणि जीटी-आरसाठी आठ वर्षं गेली. आज परिस्थिती तशीच आहे. २०२४-२५ च्या आर्थिक वर्षातला तोटा ६७० अब्ज येनच्या घरात, वीस हजार नोकऱ्यांवर गदा, सतरा कारखान्यांचे दहा करायचे. घरात एवढी ओढाताण असताना आधी रोज खपणाऱ्या गाड्या सुधारतात. या मापाने २०२५ पासून आठ वर्षं, म्हणजे २०३३ येतं. दोन्ही सालं वहीत पेन्सिलने लिहिलीत. मला विचाराल तर खिशाचं माप जास्त खरं वाटतं.

प्रश्न : सोबत पाठवलेला फोटो बघा. जर्मनीतल्या न्यूरबर्गरिंग या शर्यतीच्या मार्गावर आर३६ ची चाचणी चालू असताना टिपलाय म्हणे. तुमचं मत? (रात्री जागणारी वाचक)

उत्तर : ताई, डाव्या पुढच्या चाकाला पाच आरे आहेत आणि मागच्याला सहा. कोणीतरी संगणकाला सांगून हे चित्र काढून घेतलंय, आणि त्याने सांगितलं तसं संगणकाने दिलं.

पण तुमच्या प्रश्नात खरी गंमत आहे, म्हणून थोडं लांबवतो. चाचणीची खरी गाडी देखणी नसते. तिला म्यूल म्हणतात, म्हणजे खेचर, आणि नाव शोभतं : कातडं एकाचं, ताकद दुसऱ्याची. आर३५ ची सुरुवातीची खेचरं त्या काळच्या दोन दारांच्या स्कायलाइन कूपेच्या अंगात लपवलेली होती. फक्त चाकांवरचे पत्रे बाहेरच्या बाजूला फुगवलेले, कारण आतली चाकं जुन्या अंगात मावेनात. लांबून बघणाऱ्याला वाटावं, कोणीतरी आपल्या गाडीची हौस केली आहे. पुढे बाह्यरूप ठरतं आणि मग काळ्या-पांढऱ्या नागमोडी पट्ट्यांचा कागद चिकटवतात. त्यामुळे वळणं नि कडा डोळ्याला लागत नाहीत, कॅमेऱ्याचाही गोंधळ उडतो. त्यावरही समाधान नसेल तर खाली फोमचे तुकडे भरून खोटा फुगवटा करतात.

म्हणून खरा फोटो ओळखायचा तो कुरूपपणावरून. ओढण्यासाठीचा हुक बाहेर आलेला, आत लोंबणाऱ्या वायरी, चालकाच्या हाताशी मोठं लाल बटण, चाकांवर ब्रेकची काळी भुकटी, पत्र्यांमधल्या फटी कमीजास्त. तुमच्या फोटोतली गाडी लग्नाला निघाल्यासारखी चकचकीत आहे.

अफवा खऱ्या होतच नाहीत असंही नाही. शेव्हरोलेटच्या कॉर्व्हेटचं इंजिन चालकाच्या मागे जाणार, ही बातमी १९६० च्या दशकापासून फिरत होती. झोरा आर्कस-डंटोव्ह या अभियंत्याने तशा प्रायोगिक गाड्या बनवल्याही होत्या. १९७६ मध्ये एरोव्हेट दाखवली, तेव्हा 'आता येणारच' म्हणून लोक सरसावून बसले. मागे इंजिन असलेली कॉर्व्हेट रस्त्यावर येण्यासाठी जगासमोर आली ती जुलै २०१९ मध्ये. बातमी खरी होती, फक्त साल चुकलं, तेही चाळीस-पन्नास वर्षांनी.

प्रश्न : हायपर फोर्स हीच आर३६ का? (थोडक्यात सांगा)

उत्तर : नाही. ती १००० किलोवॉटची, म्हणजे १३६० अश्वशक्तीची कल्पना आहे आणि घन-अवस्था बॅटरीवर (जिच्यात द्रवाऐवजी घन पदार्थ असतो) उभी आहे. तशी बॅटरी २०२८ च्या आर्थिक वर्षात गाड्यांत आणायचं खुद्द कंपनीचं लक्ष्य आहे. गाडीचा चौकोनी चेहरा आणि मागचे चार गोल दिवे बघून ठेवा, तेवढं टिकेल असं वाटतं.

प्रश्न : नवी जीटी-आर पूर्ण विजेवरची असेल की पेट्रोलची? आमच्या मित्रमंडळात यावरून अबोला झाला आहे. (दोन्ही बाजूंचा मित्र)

उत्तर : बाजारात तुरी आणि तुमच्यात अबोला! दोघांनाही निम्मे निम्मे गुण देतो.

न्यूरबर्गरिंगचा एक फेरा जवळपास २१ किलोमीटरचा आहे. २०१३ मध्ये शर्यतपटू मायकेल क्रुमने जीटी-आर निस्मो (निस्सानच्या शर्यत विभागाने तयार केलेली आवृत्ती) तिथे ७ मिनिटं ८.६७९ सेकंदांत फिरवली. या गाडीची सगळी प्रतिष्ठा अशा फेऱ्यांवर उभी आहे, आणि नुसता एक फेरा करून भागत नाही, लागोपाठ करता आले पाहिजेत. आजच्या बॅटरीवर तसं पळवलं की ती तापते, तापली की संगणक ताकद कमी करतो, आणि नंतर चार्जरजवळ ताटकळत बसावं लागतं. शिवाय वजन. आर३५ च मुळात पावणेदोन टनांच्या आसपास होती आणि त्यावरून बोलणी खात होती. निस्सानच्या अमेरिकेतल्या नियोजनप्रमुखांनीही २०२५ मध्ये हायब्रिडच्याच, म्हणजे पेट्रोल आणि वीज दोन्हींच्या, बाजूने सूर लावला होता.

मला हायब्रिड पटतं त्याचं आणखी एक कारण आहे, आणि ते कुठल्याच अफवेत वाचायला मिळत नाही. आर३५ चं इंजिन पुढे, गिअरबॉक्स मागे. म्हणजे एक लांब शाफ्ट (फिरणारा दांडा) ताकद मागे नेतो आणि पुढच्या चाकांसाठी दुसरा शाफ्ट तीच ताकद पुन्हा पुढे आणतो. वजनाच्या समतोलासाठी हा द्राविडी प्राणायाम उत्तम होता. पण पुढच्या चाकांना विजेच्या मोटरी दिल्या की दुसरा शाफ्ट आणि त्याच्या सोबतीचं सगळं लटांबर काढून टाकता येतं. वळणात दोन्ही चाकांना वेगवेगळी ताकद देता येते ती वेगळीच. होंडाने एनएसएक्स या स्पोर्ट्स कारमध्ये हे करून दाखवलं होतं. डिसेंबर २०२४ मध्ये होंडा-निस्सान एकत्र येण्याची बोलणी सुरू झाली, तेव्हा याच धाग्यावर माझ्या वहीची अडीच पानं भरली. फेब्रुवारीत बोलणी फिसकटली. उजव्या पानावर एकच शब्द लिहिला : 'राहिलं.'

प्रश्न : आर३५ नंतर आर३६ हे तर सरळ गणित झालं. त्यात अफवा कसली? (गणिताचा शिक्षक)

उत्तर : सर, गणित तितकं सरळ नाही. आर३२, आर३३, आर३४ ही स्कायलाइनच्या पिढ्यांची सांकेतिक नावं. पुढची स्कायलाइन व्ही३५ झाली, मग व्ही३६. जीटी-आर घर सोडून वेगळी झाली तरी तिने जुनं अक्षर स्वतःकडे ठेवलं. पुढच्या गाडीचं अंग आणि कूळ काय असेल त्यावर तिचा क्रमांक ठरेल. 'आर३६' हे तूर्त आपण ठेवलेलं पाळण्यातलं नाव.

प्रश्न : २०१४ मध्ये याच सदरात तुम्ही छातीठोकपणे लिहिलं होतं की निस्सानची 'कॉन्सेप्ट २०२० व्हिजन ग्रॅन टुरिस्मो' म्हणजे पुढची जीटी-आरच. कात्रण सोबत जोडलं आहे. (जुना वर्गणीदार)

उत्तर : कात्रणाची गरज नव्हती, तो परिच्छेद मला पाठ आहे. व्हिडिओ गेमसाठी आखलेली गाडी होती ती, नावात २०२० पाहिलं आणि मी ते साल समजून बसलो. संपादकांनी विचारलं होतं, 'खात्री आहे?' मी हो म्हणालो. वहीच्या डाव्या पानावर तिथे लेखकाचं नाव म्हणून माझंच आहे, लाल शाईत. चुकलो.

प्रश्न : मी ६८ वर्षांचा. आर३२ आली तेव्हा पैसे नव्हते, आर३४ च्या वेळी जबाबदाऱ्या होत्या, आर३५ च्या वेळी धाडस झालं नाही. नवीसाठी थांबू का? (निवृत्त)

उत्तर : काका, थांबू नका. आर३५ ची जपानमधली सुरुवातीची किंमत ७७ लाख ७० हजार येन होती. शेवटच्या वर्षी सर्वांत साधी गाडी १ कोटी ४४ लाखांच्या पुढे आणि खास निस्मो ३ कोटींच्या वर गेली होती. नवी आली तरी यांच्या खाली उतरणार नाही. एखादी नीट सांभाळलेली आर३५ शोधा, विकत नाही तर निदान तासभर चालवायला मिळेल अशी. गिअरबॉक्सचं तेल वेळच्या वेळी बदललं का, ते आधी विचारा. मग बॉनेट उघडायला सांगा. ही इंजिनं योकोहामात हाताने जुळवली जायची, एक इंजिन एकाच माणसाने. ते काम करणारे ताकुमी, म्हणजे निष्णात कारागीर, सगळे मिळून नऊ जण. नंतरच्या वर्षांतल्या इंजिनांवर पुढच्या बाजूला त्या कारागिराच्या नावाची छोटी पट्टी असते. कोणाचं नाव निघालं ते मला कळवा. वहीच्या उजव्या पानावर लिहून ठेवतो.