बॅट लागते, पण कॅचर आहे का?

रत्नागिरीच्या बेसबॉल चाचणीत तुला आवडलेला पोरगा कॅचर (बॅटरच्या मागे बसून चेंडू पकडणारा) म्हणून घ्यावा का, असं तू विचारलंस. तो क्वचितच स्ट्राइकआउट होतो (चेंडू हुकून वा सोडून तीन स्ट्राइकवर बाद), हे मोठं भांडवल आहे. पण तो कुठल्या चेंडूंवर बॅट फिरवतो ते बघ. झोनबाहेरच्या (स्ट्राइकच्या चौकटीबाहेरच्या) चेंडूलाही जो बॅट लावतो, त्याला वॉक (चार वाईट चेंडूंवर फुकट मिळणारा पहिला बेस) मिळत नाहीत, हाती लागतात ते मऊ ग्राउंडर, म्हणजे जमिनीलगत सरपटणारे हळू फटके. अमेरिकेच्या मेजर लीगमधल्या लुईस अराएझनं २०२२ ते २०२४ सलग तीन वर्षं फलंदाजीचा (सर्वाधिक सरासरीचा) किताब जिंकला तो ताकदीशिवाय. पण तसा हात विरळाच, आणि तो कॅचरही नव्हे.

कॅचरला मी आधी मागूनच पारखतो. आपल्या जांभ्याच्या मैदानावर टप्पा पडलेला चेंडू कसाही उडतो. अशा वेळी तो नुसता ग्लव्ह पुढे करतो, की गुडघे टाकून छाती आडवी घालतो? माझ्या मते ह्यातच निम्मा निकाल लागतो.

बेस चोरणाऱ्या धावपटूला बाद करायचा सेकंड बेसवरचा थ्रो स्टॉपवॉचवर घे. होम प्लेटपासून अंतर जवळपास ३९ मीटर. मेजर लीगमध्ये चेंडू ग्लव्हमध्ये आल्यापासून तिथे पोचेपर्यंत साधारण २ सेकंद लागतात. आपल्या पोराला जास्त लागतील, लागू देत. पावलं चटकन वळतात का एवढं बघ, खांदा पुढे भरतो.

आणि एक, शेवटच्या इनिंगपर्यंत थांब. पाय थकल्यावर तो कसा बसतो ते बघितल्याशिवाय नाव लिहू नकोस.