वडाखालची किक

“मॅडम, नवरा चांगलाय, पण प्रेम दिसत नाही.”

फोंड्यातल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हे वाक्य आठवड्याला एकदा तरी ऐकू येतं. बोलणारी बदलते, तक्रार तीच. हल्ली तिला रील्सची फोडणी असते, कुणाच्या तरी नवऱ्याने समुद्रावर लावलेल्या मेणबत्त्यांची.

ही पस्तिशीची (ओळखीचे तपशील बदललेत). नवरा वेर्ण्याच्या कारखान्यात, पहिल्या पाळीला. तीन-चार भेटी गाऱ्हाण्यात गेल्यावर मी गृहपाठ दिला, ‘रजनीगंधा’ बघून ये. बासू चटर्जींचा १९७४ चा सिनेमा, मन्नू भंडारींच्या ‘यही सच है’ कथेवरचा. दीपाचा संजय (अमोल पालेकर) उशिरा येतो, आला की ऑफिस आणि बढती सुरू. मुंबईतला जुना मित्र नवीन मात्र तिची सगळी बडदास्त ठेवतो. थाटमाट नाही, खलनायक नाही. घोळ आहे तो दीपाच्या मनातच, म्हणून मला हा सिनेमा आवडतो.

ती आली ती फणकाऱ्यातच. “अमोल पालेकर निदान फुलं तरी आणतो!”

बिनतोड! मी विषय बदलला. “बरं, तुमची सकाळ सांग. अगदी पहिल्यापासून.”

“पाचला उठतात. चहा आपला आपण करतात. स्कूटर ढकलत वडापर्यंत नेतात, तिथे किक मारतात.”

“दारात का नाही?”

“आवाजानं मी उठेन म्हण...”

ती थांबली. पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मीही बोलले नाही. अशा वेळी गप्प बसणं मला वीस वर्षांत जमलंय.

माझा भर नेहमी एका अक्षरावर असतो. ‘त्यानं बोलून दाखवावं’ ही इच्छा झाली, रास्त आहे. ‘दाखवायलाच हवं’ म्हटलं की त्या ‘च’पुढे बाकी सगळं दिसेनासं होतं. तो ‘च’ काढा आणि मग मागा, स्पष्ट शब्दांत. मनकवडेपणाची परीक्षा घेऊ नका. नवऱ्यालाही मी बोलावलं आणि सांगितलं, स्कूटर ढकलतोस ते ठीक, तोंडही उघड. मात्र घरात अपमान किंवा मारहाण असेल, तर यातलं काहीही लागू नाही. तिथे आधी सुरक्षितता.

परवा ती भेटली. “आता मी पाचला जागी असते, चहा एकत्र घेतो. तरी स्कूटर वडापर्यंत ढकलतच नेतात!”

म्हटलं, “हा ‘च’ राहू दे गो.”