वेबसाइट नवी, ऑर्डरी गायब: डेव्हलपरकडून भरपाई मिळेल का?

प्रश्न: कोथरूडमध्ये मी आणि माझी जाऊ शिवलेल्या नऊवारी साड्यांचा व्यवसाय करतो. मदतीला शिलाईचे दोन कारागीर आहेत. वेबसाइट जुनाट दिसायला लागली म्हणून दसऱ्याच्या सुमारास एका डेव्हलपरला ती नव्यानं करायला दिली. ८५ हजार ठरले, ६० हजार दिले. लेखी करार नाही, सगळं व्हॉट्सॲपवर. काम देतानाच मी लिहिलं होतं, ‘आमच्या निम्म्या ऑर्डरी गूगलवरून येतात, ते बिघडू देऊ नका.’ त्याचं उत्तर होतं, ‘नंबर वनची गॅरंटी.’ नवी साइट सुरू झाली आणि ब्राह्मणी, पेशवाई, मस्तानी यांची जुनी पानं उघडेनाशी झाली. आधी गूगलवर पहिल्या पानावर दिसायचो, आता शोधूनही सापडत नाही. नवव्या दिवशी मी तशी तक्रार पाठवली. ऐन लग्नसराईत फोन थंडावले, चार लाखांचं तरी नुकसान झालं. उरलेले २५ हजार दिले नाहीत तर साइट बंद करीन, असं तो आता म्हणतोय. पूर्वी माझ्या यजमानांच्या नावावर असलेलं डॉट कॉम डोमेनही (साइटचं इंटरनेटवरचं नाव) त्यानं कामाच्या वेळी ओटीपी मागून स्वतःच्या खात्यात घेतलं होतं. भरपाई मिळेल का? पोलिसांत जाऊ का?

उत्तर: चार लाखांच्या मागे आत्ता लागू नका. आधी डोमेन ताब्यात घ्या, मग जुनी पानं दुरुस्त करून घ्या. भरपाईचं त्यानंतर बघू.

लेखी करार नाही याची फार काळजी नको. भारतीय करार कायदा, १८७२ तोंडी करारही मानतो, आणि तुमच्याकडे तर व्हॉट्सॲपवरचा सगळा संवाद आहे. मात्र तो न्यायालयात वाचला जावा यासाठी भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं, म्हणून मूळ फोन आणि मूळ चॅट जपून ठेवा. नुसते स्क्रीनशॉट काढून फोन एक्स्चेंजला दिला, असं करू नका.

तुम्ही ‘गॅरंटी’वर भर दिला आहे, मी तो देणार नाही. पहिल्या क्रमांकाची हमी कुणीही देऊ शकत नाही, असं खुद्द गूगलच जाहीरपणे सांगतं. असली हमी ही विक्रेत्याची बढाई होती, असा बचाव समोरचा वकील हमखास घेईल. तुमची बाजू भक्कम आहे ती दुसऱ्याच वाक्यावर, आणि ते तुमचं स्वतःचं आहे. करार कायद्याच्या कलम ७३ नुसार करारभंगातून स्वाभाविकपणे होणारं नुकसान मिळतं, तसंच करार करताना दोन्ही बाजूंना ज्याची कल्पना होती तेही मिळतं. दूरचं, आडवळणाचं नुकसान मिळत नाही. निम्म्या ऑर्डरी गूगलवरून येतात हे तुम्ही काम देतानाच लिहून कळवलंत. त्यामुळे ‘एवढं नुकसान होईल याची मला कल्पना नव्हती’ असं त्याला म्हणता येणार नाही.

आता त्याची चूक नेमकी काय, तेही दावा मांडताना स्पष्ट हवं. क्रमांक घसरला ही चूक नव्हे, तो परिणाम झाला. पानांचे पत्ते बदलताना प्रत्येक जुन्या पत्त्यावरून त्याच विषयाच्या नव्या पानाकडे कायमचा, म्हणजे ३०१ प्रकारचा रीडायरेक्ट लावायचा असतो. साइट नव्यानं करणाऱ्या कुणालाही हे माहीत असायला हवं. ते न करणं म्हणजे कामातली हयगय, आणि ती सिद्ध करणं अवघड नाही. चाचणीच्या काळात गूगलला दूर ठेवण्यासाठी लावलेली ‘नोइंडेक्स’ची खूण साइट सुरू झाल्यावरही राहून गेली आहे का, हेही कुणाकडून तरी तपासून घ्या. तसं निघालं तर हयगय आणखी ठळक होते.

खरी अडचण आकड्यांची आहे. मागच्या डिसेंबरशी या डिसेंबरची तुलना करून चार लाख काढले असतील तर ते टिकणं कठीण. तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त किती आणि कोणत्या महिन्यात, हे दरवर्षी बदलतं. तुमच्या धंद्यात त्याचा फरक किती पडतो ते तुम्हीच माझ्यापेक्षा चांगलं जाणता, आणि उलटतपासणीत पहिला प्रश्न तोच येईल. त्यापेक्षा पानागणिक तुलना करा. मुखपृष्ठाचा पत्ता बदललेला नाही. तिथली भेटींची संख्या बरीचशी टिकली असेल आणि पत्ते मोडलेल्या पानांचीच त्याच आठवड्यात कोसळली असेल, तर कारण मुहूर्ताचं नाही आणि गूगलनं नियम बदलल्याचंही नाही, हे दिसून येतं. हा हिशेब गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये, म्हणजे कोणत्या पानावर गूगलवरून किती लोक आले हे साइटच्या मालकाला दाखवणाऱ्या सोयीत, मिळतो. तिथे फक्त १६ महिन्यांची माहिती राहते, म्हणून ती आजच उतरवून घ्या. नकाशावरच्या तुमच्या नोंदीवरून आलेले फोन वेगळे मोजा. ते सुरूच असतील तर ते नुकसानीत धरता येणार नाहीत.

कलम ७३ मध्येच आणखी एक गोष्ट आहे: नुकसान मोजताना ते टाळण्याचे जे उपाय हाताशी होते, तेही विचारात घेतले जातात. म्हणजे खटला भक्कम व्हावा म्हणून साइट तशीच मोडकी ठेवणं तुमच्याच अंगाशी येईल. दुसऱ्या जाणकाराकडून दुरुस्ती करून घ्या. जुने पत्ते सर्च कन्सोलमध्ये सापडतील, वेबसाइटच्या जुन्या प्रती साठवणाऱ्या इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनवरही मिळू शकतील. सगळे पत्ते सरसकट मुखपृष्ठाकडे वळवू नका. पेशवाईचं पान पेशवाईकडे, मस्तानीचं मस्तानीकडे. हे रीडायरेक्ट किमान वर्षभर ठेवावेत असं गूगल सांगतं. लहान साइट सावरायलाही काही आठवडे लागतात. या दुरुस्तीचं रीतसर बिल घ्या. गेलेल्या ऑर्डरींपेक्षा या बिलाची रक्कम वसूल होण्याची शक्यता मला कितीतरी जास्त वाटते.

पण जाणकार काम करणार कुठे? होस्टिंग (साइट जिथे ठेवलेली असते ती जागा) आणि डोमेन दोन्ही त्या डेव्हलपरच्या हातात. डोमेन पूर्वी तुमच्या यजमानांच्या नावावर होतं आणि कामापुरतं त्याच्या खात्यात गेलं, ही तुमची जमेची बाजू. डोमेन नावालाही व्यापारी नावासारखं संरक्षण मिळू शकतं, हे सर्वोच्च न्यायालयानं सत्यम इन्फोवे खटल्यात २००४ मध्येच मान्य केलं आहे. डॉट कॉमसाठी जागतिक बौद्धिक संपदा संघटनेकडे लवादासारखी सोय आहे, पण तिथे एकसदस्यीय पॅनेलची फीच १,५०० डॉलर, म्हणजे तुमच्या अख्ख्या वेबसाइटपेक्षा जास्त. तो मार्ग सोडा. डोमेनच्या नूतनीकरणाची तारीख मात्र आजच बघा. भांडणात मुदत उलटली तर दोघांच्याही हातून जाईल.

म्हणून उरलेले २५ हजार हेच तुमचं खरं हत्यार, आणि ते नीट वापरायला हवं. डेव्हलपर उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) असलेला लघुउद्योजक असेल तर २००६ चा सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास कायदा त्याच्या बाजूनं येतो: थकलेल्या बिलावर बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. मात्र सेवा मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत घेतली असेल तर ती दूर होईपर्यंत बिल चुकवण्याची मुदतच सुरू होत नाही. तुम्ही नवव्या दिवशी मेसेज पाठवलात, आणि माहिती तंत्रज्ञान कायदा इलेक्ट्रॉनिक मजकुराला लेखी मानतो. तो मेसेज फार वेळेवर गेला.

आता वकिलामार्फत नोटीस द्या, फोनवर वाद घालू नका. नोटिशीत मागा: सात दिवसांत डोमेन आणि त्याचा ऑथ कोड (डोमेन दुसरीकडे हलवताना लागणारा सांकेतिक क्रमांक), होस्टिंगचा पूर्ण बॅकअप, जुन्या साइटची प्रत, सर्च कन्सोलची मालकी आणि गूगल बिझनेस प्रोफाइलची, म्हणजे नकाशावरच्या नोंदीची, मुख्य मालकी. हे सगळं हाती पडताच २५ हजार देऊ, पण नुकसानभरपाईचा हक्क राखून, असं स्पष्ट लिहा. एवढी मोठी चूक करणाऱ्याला पैसे का द्यायचे, असं तुम्हाला वाटेल. पण साइट बंद पडून सीझनचा एक महिना गेला तर याहून जास्त जाईल.

पोलिसांत जाऊ नका, निदान इतक्यात तरी नाही. पैशावरून झालेला हा दिवाणी वाद आहे, असंच तिथे सांगतील. त्यानं खरोखर साइट बंद केली किंवा माहिती पुसली, तर माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ खाली राज्याच्या न्यायनिर्णय अधिकाऱ्याकडे भरपाई मागता येते. पण होस्टिंगचं खातं त्याच्याच नावावर असल्यामुळे तिथेही वाद होईल. म्हणूनच बॅकअप आधी घ्या.

तोडगा निघाला नाही तर माझी पसंती पुणे जिल्हा ग्राहक आयोगाला. धंद्यासाठी घेतलेली सेवा असल्यानं तुम्ही ग्राहकच नाही, असा आक्षेप येईल. त्याला उत्तर आहे: स्वयंरोजगारातून उपजीविका करणारी व्यक्ती ग्राहकच असते, आणि मदतीला एक-दोन माणसं असली म्हणून हा दर्जा जात नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं लक्ष्मी इंजिनिअरिंग खटल्यात १९९५ मध्ये म्हटलं आहे. तुम्ही आणि जाऊ स्वतः शिवता, ऑर्डरी घेता, हे तक्रारीत ठळकपणे मांडा. दिलेली रक्कम पाच लाखांच्या आत असल्यानं शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची. चार लाखांचा दावा दिवाणी मार्गानं नेलात तर तो व्यापारी न्यायालयात जाईल आणि तातडीचा मनाई हुकूम मागायचा नसेल तर आधी मध्यस्थी सक्तीची होईल. तिथे वेळ आणि खर्च दोन्ही वाढतं.

पुढच्या डेव्हलपरशी दोन पानांचा का होईना, करार करा. नव्या साइटच्या कोडचा कॉपीराइट तुमच्याकडे हवा असेल तर तो लेखी आणि सहीनिशी हस्तांतरित व्हावा लागतो. नुसते पैसे दिल्यानं तो तुमचा होत नाही. पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोंचे मात्र तुम्ही मूळ मालक असता, वेगळं काही ठरलं नसेल तर. डोमेन आणि गूगलची सगळी खाती तुमच्या ईमेलवर, डेव्हलपरला फक्त कामापुरता प्रवेश. जुन्या-नव्या पत्त्यांची यादी काम सुरू होण्याआधी जोडपत्र म्हणून लावा, आणि शेवटचा हप्ता साइट सुरू झाल्यावर तीस दिवसांनी, त्या यादीतला प्रत्येक पत्ता तपासून मगच द्या.