‘अपोकॅलिप्स’ म्हणजे प्रलय नव्हे

प्रश्न : एका परदेशी मालिकेच्या मराठी उपशीर्षकांत ‘अपोकॅलिप्स’साठी सगळीकडे ‘महाप्रलय’ आले आहे. हा प्रतिशब्द बरोबर आहे का?

साफ चूक आहे, आणि कानाला टोचते तरी रोज ऐकावी लागते. मराठी बायबलात ‘जलप्रलय’ हा शब्द नोहाच्या पुरासाठी कधीच खर्ची पडला आहे. तो पूर ओसरल्यावर देव मेघधनुष्य दाखवून वचन देतो, की पुन्हा पाण्याने पृथ्वीचा नाश करणार नाही. ‘अपोकॅलिप्स’ हे त्याच ग्रंथाच्या शेवटच्या पुस्तकाचे नाव; त्याला महाप्रलय म्हणायचे, तर ते वचन मोडीतच निघाले!

मूळ ग्रीक शब्द ‘अपोकालुप्सिस’. ‘अपो’ म्हणजे दूर, ‘कालुप्तेइन’ म्हणजे झाकणे. झाकण दूर करणे, एवढाच अर्थ. आग, युद्ध, नाश यांतले काहीही त्यात नाही. मराठी भाषांतरकारांनी पुस्तकाला ‘प्रकटीकरण’ हे नाव दिले ते चोख आहे.

हे ‘अपो’ आणि आपला ‘अप’ उपसर्ग सख्खे भाऊ. ईशोपनिषद म्हणते, ‘हिरण्मयेन पात्रेण सत्यस्यापिहितं मुखम्’. सत्याचे तोंड सोन्याच्या पात्राने झाकले आहे, हे पूषा (सूर्यदेवा), ते ‘अपावृणु’, म्हणजे उघड. हे ‘अपावृणु’ म्हणजे थेट अपोकालुप्सिसच. ‘कालुप्तेइन’ही मला परका वाटत नाही. ग्रीक ‘देका’ तिथे आपले ‘दश’, ‘हेकातोन’ तिथे ‘शत’. क च्या जागी श येतो, आणि ल चा र तर संस्कृतात सर्रास होतो. त्या हिशेबाने झाकून घेणारा आसरा तो ‘शरण’, आणि तो याच मुळातला. आपले जुने वैयाकरण ‘शरण’ हा ‘शॄ’ म्हणजे चिरडणे या धातूपासून लावतात : दुःख चिरडते ते शरण. ही ओढाताण मला मुळीच मान्य नाही. आसऱ्याला जाणारा माणूस आधी आडोसा शोधतो.

निलगिरीचे ‘युकॅलिप्टस’ हे नावही इथलेच : ‘नीट झाकलेले’. त्याची कळी हातात घेऊन पाहा. वर चक्क टोपी असते. फुलायची वेळ आली की टोपी गळते आणि आतले केसर मोकळे होतात. १७८८ मध्ये एका फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने हे नाव दिले, आणि फार नेमके दिले.

मग ‘प्रकटीकरण’ लिहिणाऱ्या योहानाने झाकण काढले ते कशावरचे? माझ्या मते रोमवरचे. सतराव्या अध्यायात जांभळ्या-किरमिजी वस्त्रांतली बाई दिसते, हातात सोन्याचा प्याला (इथेही सोन्याचेच पात्र!), आणि ती सात डोंगरांवर बसली आहे. इ.स. ७१ मध्ये सम्राट वेस्पासियनने पाडलेल्या एका नाण्यावर रोमा देवी अशीच सात टेकड्यांवर बसली आहे; शेजारी टायबर नदी, लांडगीण आणि जुळी पोरे. योहान तिला ‘बाबेल’ (बॅबिलोन) म्हणतो, कारण यरुशलेमचे पहिले मंदिर बाबेलने पाडले आणि दुसरे इ.स. ७० मध्ये रोमने. पुढच्या अध्यायात तिच्या बाजारातल्या मालाची यादी आहे : सोने, मोती, हस्तिदंत, दालचिनी, घोडे, आणि सर्वांत शेवटी माणसे. त्याच शतकातला ‘पेरिप्लस’ हा ग्रीक सागरी व्यापारग्रंथ भडोचहून हस्तिदंत बाहेर जात असल्याचे नोंदवतो.

त्याच पुस्तकात एक श्वापद येते; त्याची ६६६ ही संख्याही रोमचीच. हिब्रूत अक्षरांनाच किमती असतात, अक्षरांनी आकडे सांगणाऱ्या आपल्या कटपयादी पद्धतीसारख्या. ‘नेरोन केसर’, म्हणजे रोमचा सम्राट निरो, हे हिब्रूत लिहा : ५०, २००, ६, ५०, १००, ६०, २००. बेरीज ६६६. लॅटिन वळणाने शेवटचा न गाळून ‘नेरो’ लिहा, ६१६ येतात. आणि काही जुन्या हस्तलिखितांत खरोखरच ६१६ आहे. दुसऱ्या शतकातला बिशप इरिनेयस ६१६ला नक्कल करणाऱ्यांची चूक ठरवतो आणि ‘लाटेइनोस’, ‘टेइटान’ अशी नावे सुचवतो. निरोचे नाव काढत नाही. इतक्या जवळच्या काळातला माणूस म्हणून त्याचा दाखला वारंवार दिला जातो, पण त्याची नावे एकाच आकड्याला लागू पडतात. निरो दोन्ही आकडे उलगडतो. मी इरिनेयसच्या बाजूने जाणार नाही.

३१३ मध्ये रोमने ख्रिस्ती धर्माला मोकळीक दिली, पुढे तो राजधर्म झाला, आणि मग बाबेल कोण हा प्रश्न नव्याने उभा राहिला. पोपविरोधी धर्मसुधारक ल्यूथरच्या जर्मन नव्या कराराच्या सप्टेंबर १५२२च्या आवृत्तीत चित्रकार क्रानाखच्या कोरीव चित्रांत त्या बाईच्या डोक्यावर पोपचा तीन मजली मुकुट आहे. डिसेंबरच्या आवृत्तीत तो छाटून साधा केला. आज जे दर युद्धात नवा देश नाहीतर नवा पुढारी त्या जागी बसवतात, त्यांनी आधी पहिल्या वाचकांच्या कमरेच्या पिशवीतले नाणे पाहावे.

आजच्या बोलण्यात मात्र ‘अपोकॅलिप्स’ नाशासाठीच रूढ झाला आहे, म्हणून तुमच्या उपशीर्षकांसाठी ‘सर्वनाश’ घ्या. ‘जगबुडी’ नको, तिच्यातही पाणीच आहे.