तुमची यादी तुमच्याकडे आहे का?

फीडबद्दलची पत्रं थांबत नाहीत आणि त्यातली बरीचशी एकाच गोंधळातून येतात. फीड म्हणजे अ‍ॅप नव्हे. फीड ही साइटने स्वतःच ठेवलेली एक फाइल असते: नव्या मजकुराचं शीर्षक, तारीख, लिंक आणि थोडाफार मजकूर. ती फाइल अधूनमधून वाचून नवं काय ते तुमच्यापुढे ठेवतो तो फीड रीडर. फीड साइटवाल्याचं, रीडर तिसऱ्याच कुणाचा. एवढं पक्कं करून पुढे वाचा.

प्रश्न: माझ्या आवडत्या साइटवर फीडचं ते नारिंगी चिन्ह कुठेच नाही. म्हणजे फीड नाही ना?

असं काही नाही. साइटचा मुख्य पत्ता रीडरमध्ये टाका. पानाच्या कोडमध्ये दडलेली फीडची लिंक बहुतेक रीडर आपणहून शोधतात. नाही सापडली आणि साइट वर्डप्रेसवर (साइट चालवायच्या सॉफ्टवेअरवर) बनवलेली असली, तर पत्त्याच्या शेवटी तिरकी रेघ देऊन इंग्रजीत ‘फीड’ लिहून पाहा. तेही चाललं नाही तर साइटवाल्यांना मेल करा. फीड चालू असतं आणि त्यांनाच त्याचा पत्ता नसतो, असंही होतं.

प्रश्न: आरएसएस घ्यावं की अ‍ॅटम?

मिळेल ते. फीडची फाइल लिहिण्याच्या या दोन पद्धती, रीडरला दोन्ही वाचता येतात.

प्रश्न: ऑफिसातले म्हणतात, आरएसएस कधीच संपलं. आता शिकून काय फायदा?

ऑफिसातल्यांना विचारा, पॉडकास्ट ऐकता का? फीडमधल्या नोंदीला ऑडिओ फाइलचा पत्ता जोडलेला असतो आणि पॉडकास्टचं अ‍ॅप तोच वाचून नवा भाग तुमच्या फोनवर आणतं. यूट्यूबच्या चॅनेलांनाही फीड असतं. ‘संपलं’ची आवई उठली त्याला दोन निमित्तं झाली: २०१३ मध्ये गूगलचा फीड रीडर, म्हणजे गूगल रीडर, बंद पडला आणि २०१८ च्या डिसेंबरात फायरफॉक्स ब्राउझरने ६४व्या आवृत्तीतून फीड दाखवण्याची सोय काढून टाकली. दोन्ही वेळा गेली ती वाचायची सोय. साइटवरच्या फाइली होत्या तिथेच आहेत.

प्रश्न: लेख साइटवर येतो आणि माझ्या रीडरमध्ये तासाभराने दिसतो. रीडर बिघडलाय का?

नाही. साधारणपणे साइट रीडरला कळवत नाही. रीडरच ठरावीक वेळाने जाऊन ‘मागच्या खेपेनंतर काही बदललं का?’ असं विचारतो. बदललं नसेल तर सर्व्हर ३०४ हा आकडा पाठवतो आणि फाइल पुन्हा उतरवावी लागत नाही. ही फेरी दर मिनिटाला लावू नका, सर्व्हर तुम्हाला अडवेल आणि ते योग्यच असेल. पूर, वादळ असल्या इशाऱ्यांसाठी मात्र फीडवर विसंबू नका. त्यासाठी सरकारी यंत्रणेची थेट सूचनासेवा घ्या.

प्रश्न: नवी साइट जोडली तर शेवटचे दहाच लेख आले. जुने कुठे गेले?

साइटवरच आहेत. फीडमध्ये ताजे तेवढेच असतात. वर्डप्रेसमध्ये मुळातच दहा ठरलेले असतात.

प्रश्न: एक अ‍ॅप म्हणतं, ‘प्रीमियम फीड’ हवं तर पैसे भरा. भरू का?

कशाचे पैसे, ते आधी विचारा. तुमचं वाचन फोन आणि संगणकावर जुळतं ठेवणं, जुन्या नोंदी साठवणं, त्यांत शोध घेता येणं, या कामांना सर्व्हर लागतो. त्याचे पैसे मागितले तर गैर काही नाही. पण साइटने सगळ्यांसाठी उघडं ठेवलेलं फीड ‘आमच्याकडूनच मिळेल’ म्हणून विकणं ही शुद्ध चलाखी आहे. तोच पत्ता मॅक आणि आयफोनवर नेटन्यूजवायरमध्ये किंवा संगणकावर थंडरबर्डमध्ये टाका, फुकट चालेल. ‘तुमच्यासाठी खास निवडलेलं’ हे बटणही बंद करा. क्रम तारखेने लागावा, म्हणून तर फीड घ्यायचं!

प्रश्न: माझ्या रीडरमध्ये अनेक वर्षं जमवलेल्या शेकडो साइट आहेत. रीडर बदलायचाय, पण सगळं पुन्हा भरायचं म्हटलं की अंगावर काटा येतो. थोडं थांबू का?

थांबू नका. बदलायची घाई करा असं म्हणत नाही, पण यादी आजच बाहेर काढा. गूगल रीडर बंद होणार हे मार्च २०१३ मध्ये जाहीर झालं आणि १ जुलैला तो बंद झाला. यादी उतरवून घ्यायला त्यानंतर दोन आठवडे मिळाले आणि मग सगळं पुसलं गेलं. तेव्हा निदान आधी सांगितलं तरी होतं. एखादी छोटी सेवा काही न बोलताच अंतर्धान पावते आणि मग आपण ‘त्या साइटचं नाव काय होतं बरं?’ करत बसतो.

रीडरच्या सेटिंगमध्ये ‘एक्सपोर्ट’ असतं, तिथे ओपीएमएल फाइल, म्हणजे तुमच्या सगळ्या फीडची यादी, मिळते. ती उतरवून ठेवून देऊ नका, नोटपॅडमध्ये उघडा. दर साइटमागे एक ओळ दिसेल: नाव, साइटचा पत्ता आणि फीडचा पत्ता. महत्त्वाचा तो फीडचा पत्ता, बाकी नसलं तरी निभावतं. रीडरमधल्या साइट आणि फाइलमधल्या ओळी यांचा आकडा जुळतो का पाहा. मग नव्या रीडरमध्ये ‘इम्पोर्ट’ करा आणि आठवडाभर दोन्ही चालू ठेवा. जुनं खातं त्यानंतरच मिटवा.

काय वाचलं, काय राहिलं आणि कशावर ताऱ्याची खूण केली, हे या फाइलमध्ये सहसा येत नाही. तारांकित लेखांसाठी वेगळी सोय आहे का, ते जुन्या सेवेच्या मदत विभागाला आधी विचारा. खातं मिटल्यावर विचारून उपयोग नाही. शिवाय, पैसे भरून घेतलेल्या मजकुराच्या किंवा पॉडकास्टच्या फीडच्या पत्त्यातच बहुधा तुमची किल्ली, म्हणजे ते फीड उघडणारा तुमचा खासगी संकेत, दडलेली असते. पूर्ण फाइल मित्राला पाठवलीत की किल्लीही गेली. त्या ओळी काढूनच पाठवा. फाइल आधीच कुणाकडे गेली असेल तर त्या सेवेकडून पत्ता बदलून घ्या. फाइल ऑफिसच्या संगणकावर ठेवायची असेल तर आयटी विभागाला विचारून ठेवा.

प्रश्न: एक फीड अचानक बंद पडलं. रीडर फक्त ‘एरर’ म्हणतो.

ब्राउझरमध्ये साइट उघडते का पाहा. उघडत असेल, तर वेबचे नियम ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेच्या फीड व्हॅलिडेटरमध्ये, म्हणजे फीड तपासणाऱ्या साधनात, फीडचा पत्ता टाका. शीर्षकात एक अँपरसँड (&) नीट न लिहिता सुटलेला असला तरी फीडच्या फाइलची एक्सएमएल ही ठरावीक मांडणी मोडते आणि पूर्ण फाइल नाकारली जाऊ शकते. व्हॅलिडेटर ओळीचा क्रमांक देतो. तो साइटवाल्यांना कळवा. रीडर काढून पुन्हा टाकण्यात वेळ घालवू नका.

प्रश्न: दुसऱ्यांची फीड जोडून माझ्या साइटवर त्यांचे लेख आपोआप दाखवले तर?

शीर्षक आणि लिंक दाखवण्याला सहसा कुणी हरकत घेत नाही. पूर्ण लेख उचलू नका. फीड उघडं असलं तरी मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचाच असतो. परवानगी लेखी घ्या आणि साइटवर जाहिराती असतील तर आधी वकिलाला विचारा.